जागा मानवली नाही

एखाद्यानं नोकरी सोडली की मराठीत लोक कसं बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. ‘तो तिथं टिकला नाही’ म्हटलं की खोट त्याच्यात. ‘त्या साहेबाच्या हाताखाली कुणी टिकतच नाही’ म्हटलं की साहेबात. माझी आत्या आयुष्यात कुठल्याही कचेरीत नोकरीला नव्हती, ती तिसरंच वाक्य वापरायची: ‘त्याला जागा मानवली नाही.’ मानवणं हे आपण पाण्याबद्दल बोलतो, हवेबद्दल, औषधाबद्दल. कोकणातल्या माणसाला देशावरची हवा मानवत नाही, तान्ह्या बाळाला वरचं दूध मानवत नाही. त्यात कुणाचा अपराध नसतो; अंगाचं आणि बाहेरच्या गोष्टीचं जमत नाही, एवढंच. आत्या बोलायची ती जागा म्हणजे पद की बसायची जागा, हे तिनं कधी सांगितलं नाही. मराठीत ते सांगावंही लागत नाही. जाहिरातीत ‘जागा भरणे आहे’ असं छापतात तेव्हा कुणी खुर्चीचं माप विचारत नाही.

मध्यंतरी ऑफिसचं फर्निचर बनवणाऱ्या एका कंपनीची पुस्तिका माझ्याकडे मराठी करायला आली. विषय असा, की कामाच्या जागेची रचना बदलली की माणसांची वागणूक बदलते, कल्पकता वाढते आणि नोकरी सोडून जाणारे कमी होतात. पानोपानी ‘एम्प्लॉयी रिटेन्शन’. सोबत पाठवलेल्या शब्दसूचीत त्यासाठी ‘कर्मचारी प्रतिधारण’ असा शब्द होता, जो ऐकून मला तर मूत्रविकाराच्या दवाखान्यात बसल्यासारखं वाटलं. मी ‘माणसं टिकवणं’ केलं. ते लोणच्यासारखं वाटतं हे खरं, पण लोणचं घालणाऱ्याला निदान हे ठाऊक असतं की बरणी ओलसर असेल तर दोष कैरीचा नसतो.

पुस्तिकेतल्या वाक्यांवर मी जरा जास्तच रेंगाळले, कारण हा विषय मला आतून माहीत होता. भाषांतराची कामं घेणाऱ्या बंगळुरूच्या एका कंपनीत मी अकरा वर्षं होते. पहिली सात वर्षं ती कंपनी एका घरात होती, नंतर काचेच्या इमारतीत गेली. माणसं तीच, काम तेच, पगार तेवढेच. असा प्रयोग कुणी ठरवून केला नसता.

त्याआधी शब्दांबद्दल थोडं, कारण आमच्या धंद्यात वस्तूपर्यंत जायची वाट तिथूनच जाते. हिंदीतलं दफ़्तर म्हणजे ऑफिस, मराठीतलं दप्तर म्हणजे शाळेच्या पोराच्या पाठीवरची पिशवी, आणि पुण्यातलं पेशवे दप्तर म्हणजे मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल. फारसीत मूळ अर्थ वहीचा. म्हणजे आधी वही, मग वह्या ठेवायची जागा, मग तिथं बसणारी माणसं. पेशव्यांच्या हुजूर दप्तरात मुख्य खातं होतं त्याचं नाव ‘फड’. आज आपण फड म्हणतो तो तमाशाचा, कुस्त्यांचा नाहीतर उसाचा. म्हणजे जिथं पुष्कळ माणसं एका कामाला एकत्र जुंपलेली असतात ती जागा. मामलेदार कचेरीतल्या कचेरीचा तमिळमध्ये नेहमीचा अर्थ गाण्याची मैफल. आणि ‘बैठक’ तर विचारूच नका. बसायची गादी ती बैठक, सभा ती बैठक, लावणीतली बैठकीची ती बैठकच, आणि तासन्‌तास एका जागी बसून काम करायची माणसाची ताकद तीही बैठक. ‘पोराला बैठक नाही’ असं मास्तर म्हणायचे तेव्हा पोराची मांडी आणि बुद्धी दोन्ही त्यांच्या डोळ्यांपुढे असत.

बसवनगुडीतलं ते घर जुन्या वळणाचं होतं. लाल ऑक्साइडची गार फरशी, पुढे कानडीत ज्याला जगली म्हणतात तो ओटा, मागे दोन नारळ आणि धुण्याचा दगड. दिवाणखान्यात कानडी आणि तेलुगू, कारण त्यांची लिपी जवळची आणि भांडणंही. मधल्या खोलीत तमिळ आणि मल्याळम. स्वयंपाकघराला लागून असलेल्या मागच्या खोलीत मराठी आणि गुजराती. हिंदी, बंगाली, ओडिआ आणि हिशेब माडीवर. हे कुणी आखलं नव्हतं. ज्याला जिथं टेबल मिळालं तिथं तो बसला आणि मग ती त्या भाषेची खोली झाली. वरून फर्मान यायचं, ‘मराठीतला पंखा बंद करा.’

कानडीच्या प्रमुख बाईंना सगळे अक्का म्हणत. पन्नाशीच्या, आधी आकाशवाणीसाठी लिहिलेल्या. तेलुगूचे सहकारी शाळामास्तरकी करून आलेले, ते मास्टरगारू. लहानपणी पोलिओ झालेला, दोन कुबड्यांवर चालायचे. मागच्या खोलीच्या दाराला चांगला चार बोटं उंच लाकडी उंबरा होता, त्यामुळे मास्टरगारूंना आमच्याकडे यायला त्रास व्हायचा. एका शनिवारी सुतार बोलावला आणि उंबरा कापून टाकला. उंबऱ्याला करवत लावायची म्हणून अक्का जरा कचरल्या, त्यांनी आधी त्याला हळदकुंकू वाहिलं, मग स्वतःच पुढं होऊन कुठून कापायचा ते खडूनं आखून दिलं.

काम म्हणजे मोबाइलमधली बटणं, बँकांची पत्रं, मिक्सरची माहितीपत्रकं, कर्जाच्या अटी. ज्याला साहित्य म्हणतात त्यातलं काही नाही. तौलनिक साहित्यात एम.ए. करून मी बटणांचं भाषांतर करते हे आमच्या बॅचमधल्या काहींना विनोदी वाटायचं. मला तसं कधी वाटलं नाही. कवितासंग्रहाच्या हजार प्रती निघतात. एटीएमवरचं वाक्य जालन्यातला हमाल रांगेत उभा राहून वाचतो आणि ते कळलं नाही तर मागच्याला विचारतो, आपला आकडा त्याला दाखवून.

एक उदाहरण सांगते. एका मोबाइलच्या सूचनांखाली छोटं बटण होतं, सूचना वाचून झाली की दाबायचं. इंग्रजीत ‘गॉट इट’. मराठीत आम्ही ‘समजले’ लिहून बसलो होतो, आणि ते मला खटकत होतं. ‘समजले’ म्हणजे परीक्षा दिल्यासारखं. ‘ठीक आहे’ बटणात मावत नव्हतं. एके दुपारी स्वयंपाकघरात अक्का कॉफी करणाऱ्या बाईंना कानडी सूचना वाचून दाखवत होत्या. हा त्यांचा नेम होता. बाई कनकपुऱ्याकडच्या, थोडंफार वाचता येणाऱ्या. त्यांना कळलं तर पुढं जायचं, नाही कळलं तर वाक्य मोडायचं. अक्कांनी सूचना वाचली, बाई म्हणाल्या, ‘सरि.’ माझ्या शेजारचा गुजराती मुलगा स्क्रीनवरून नजर न काढता पुटपुटला, ‘सारुं.’ मी ‘बरं’ टाइप केलं. दोन अक्षरं आणि एक टिंब. बटणात मावलं.

हे आठवलं की मला वाटतं, ते बटण कुणी केलं म्हणायचं? भिंतींना भोकं होती म्हणून ते झालं, असं म्हणणं जास्त खरं. आवाज येत होता, पण सगळा नाही. दारं होती, पण लावलेली नसत. मागच्या खोलीत बसून स्वयंपाकघरातलं ऐकू यायचं आणि दिवाणखान्यातलं नाही. मला चहा-कॉफीच्या वेळचे आवाज हवे होते, तेलुगू-कानडीची भांडणं नको होती. घरानं ती वाटणी आपोआप करून दिलेली.

आणि आम्ही सगळे मोठ्यानं वाचायचो. बाहेरच्या माणसाला हे ठाऊक नसतं. भाषांतर डोळ्यांनी सुरू होतं, पण ठरतं कानाशी. वाक्य तोंडातून काढून पाहिल्याशिवाय त्याचं अडखळणं कळत नाही. प्रत्येक खोलीत तीन-चार माणसं आपापल्या भाषेत पुटपुटत असायची. पोस्टमन एकदा म्हणाला होता, इथं रोज पारायण असतं का?

काचेच्या इमारतीत गेलो ते 2015 साली. बाहेरच्या रिंग रोडवर, सहावा मजला. कंपनी वाढली होती, मोठे ग्राहक भेटीला येत, त्यांना धुण्याच्या दगडाशेजारून आत आणणं बरं दिसत नव्हतं. मालकांचं म्हणणं चूक नव्हतं. नव्या ठिकाणी लांबच लांब पांढरी मेजं, कुणाचीही ठरलेली जागा नाही, सकाळी लॉकरमधून आपलं सामान काढायचं आणि मिळेल तिथं बसायचं. एका कोपऱ्यात रंगीत पोत्यांसारखे गाद्यांचे गोळे आणि फुसबॉलचं टेबल. हेतू असा, की रोज वेगळ्या माणसाशेजारी बसल्यावर भाषा एकमेकींत मिसळतील. प्रवेशद्वारासमोर एक अख्खी भिंत आमच्या सगळ्या लिप्यांनी सजवलेली. त्या भिंतीवर मराठीसाठी ‘सृजन’ होतं, त्यातली ऋची खूण सच्या खाली न येता बाजूला गोल ठिपक्याला लटकलेली. तमिळमध्येही काहीतरी मात्रा पुढे-मागे झालेली. त्या भिंतीपासून दहा पावलांवर या भाषांची वीस-बावीस जाणती माणसं बसत होती. सजावट करणाऱ्यानं कुणाला विचारलं नव्हतं. आम्ही कळवलं, विनायल पुन्हा छापायला पुढच्या वर्षीचं बजेट लागेल असं उत्तर आलं. मी तिथून निघाले तोवर तो ठिपका तसाच होता.

मोकळ्या ऑफिसची कल्पना मुळात वाईट नव्हती हे नंतर वाचनातून कळलं, आणि त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. 1950च्या दशकाच्या अखेरीस हॅम्बर्गजवळच्या क्विकबोर्न गावात श्नेले नावाच्या दोघा भावांनी ती मांडली. साहेबाची खोली, बाबूंच्या रांगा हे सगळं मोडायचं. कागद कुणाकडून कुणाकडे जातो ते पाहायचं आणि त्यानुसार टेबलं मांडायची, वेडीवाकडी, मध्ये झाडं. जर्मनीला तेव्हा हुकमाच्या रांगा नकोशा झाल्या होत्या, ते समजण्यासारखं आहे. पुढं अमेरिकेत हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्टनं माणसाला उठता-बसता यावं, आपल्यापुरता आडोसा हवा तसा उघडता-मिटता यावा म्हणून 1968 साली हलत्या पडद्यांची रचना आणली. कंपन्यांनी त्यातलं हलणं तेवढं काढून टाकलं आणि पडदे काटकोनात जोडून खुराडी केली. प्रॉप्स्टला आयुष्याच्या शेवटी त्याचा पश्चात्ताप झाला. मला त्या माणसाबद्दल सहानुभूती आहे. आपण लिहिलेलं वाक्य संपादकानं उलटं करून छापावं, तसं ते.

2018 साली हार्वर्डच्या इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन मोठ्या कंपन्या भिंती काढून मोकळ्या रचनेत गेल्या, तेव्हा माणसांच्या गळ्यात मोजणी करणारी यंत्रं अडकवून त्यांनी आधीचं आणि नंतरचं बोलणं मोजलं. समोरासमोरचं बोलणं साधारण 70 टक्क्यांनी घटलं. ईमेल आणि निरोप वाढले. हे वाचून मी हसले. आमच्या गळ्यात यंत्रं नव्हती, कानांत होती. नव्या जागेत पंधरा दिवसांत प्रत्येकानं मोठे हेडफोन घेतले. दार नव्हतं, म्हणून प्रत्येकजण आपापलं दार डोक्यावर घालून बसला.

मोठ्यानं वाचणं पहिल्या आठवड्यातच बंद पडलं. सांगितलं कुणी नाही. पण ऐंशी माणसांच्या शांत दालनात ‘आपल्या खात्यातून रक्कम वजा झाली’ हे तीन प्रकारे म्हणून पाहायला जीभ वळत नाही. शेजारी त्या दिवशी हिशेबातला मुलगा बसलेला, तो वर बघतो. आम्ही डोळ्यांनी लिहायला लागलो. आणि मराठी बदलली. ‘रक्कम कापली’चं ‘रक्कम वजा करण्यात आलेली आहे’ झालं. ‘पुन्हा करून बघा’चं ‘कृपया पुनश्च प्रयत्न करावा’. चूक म्हणून दाखवता येईल असं त्यात काही नव्हतं. तपासणाऱ्यानंही डोळ्यांनीच तपासलं. डोळ्यांना लांब वाक्य भारदस्त दिसतं, तोंडाला ते लांब लागतं. पुस्तिकेत लिहिलं होतं की रचनेचा संस्कृतीवर परिणाम होतो. होतो तर. आमच्याकडे तो प्रयोगापर्यंत, कर्मणी की कर्तरी इथपर्यंत झाला होता, आणि तिथून जालन्याच्या एटीएमपर्यंत गेला.

कॉफी करणाऱ्या बाई नव्या जागेत आल्या नाहीत. तिथं कॉफीचं यंत्र होतं. साफसफाई ठेकेदाराकडे, त्याच्या बायका निळ्या गणवेशात, त्यांना मेजांपाशी बसायची परवानगी नाही. अक्कांनी एकदा त्यांच्यातल्या एकीला थांबवून दोन वाक्यं वाचून दाखवली, तर त्या मुलीची नजर सगळा वेळ सुपरवायझरकडे. अक्कांनी पुन्हा तसं केलं नाही. आमची सगळ्यात चोख तपासणी अशी गेली. कंपनीच्या कुठल्याही तक्त्यावर ती कधी नव्हतीच, त्यामुळे गेली हेही कुठं नोंदलं गेलं नाही.

अमेरिकेतल्या एमआयटीत ‘बिल्डिंग 20’ नावाची एक लाकडी इमारत होती. 1943 साली महायुद्धातल्या रडारच्या कामासाठी घाईघाईनं उभी केली, युद्ध संपलं की पाडायची म्हणून. ती 1998पर्यंत राहिली. जागेची टंचाई असल्यानं ज्यांना दुसरीकडे सामावता येत नव्हतं ते विभाग तिथं टाकले, त्यात भाषाशास्त्रही. मॉरिस हाले आणि नोम चोम्स्की यांची पुष्कळ वर्षं तिथं गेली. जवळपास इलेक्ट्रॉनिक्सवाले, ध्वनीवर काम करणारे अमर बोस, खेळण्यातल्या रेल्वेचा क्लब. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात फटींतून वारा. पण वायर न्यायची असेल तर भिंतीला भोक पाडायचं, यंत्र उंच असेल तर वरची तक्तपोशी काढून टाकायची. अणुघड्याळ करणाऱ्या झकारियसनं तसंच केलं. इमारतीची कुणालाच पर्वा नव्हती, म्हणून तिथल्या माणसांना ती आपली करता आली. याबद्दल वाचताना मला आमचा उंबरा आठवला. सहाव्या मजल्यावर खुर्चीचा हात काढायचा असेल तरी तिकीट टाकावं लागे.

पण इथं मला थांबून मास्टरगारूंबद्दल सांगायला हवं, नाहीतर हे सगळं जुन्या घराचं गोडवे गाणं होईल, आणि अशा गोडव्यांवर माझा फारसा विश्वास नाही. उंबरा कापला तरी जिना राहिलाच होता. सात वर्षांत मास्टरगारू माडीवर एकदाही गेले नाहीत. मालक वर बसत, पगाराच्या गोष्टी वर होत, नवी कामं कुणाला द्यायची ते वर ठरे. ते त्यांना खाली उतरणाऱ्याकडून कळे. घरात एकच संडास, तोही मागे, पावसात पाय घसरेल असा. काचेच्या इमारतीत उतरण होती, प्रशस्त लिफ्ट होती, दांडी लावलेलं स्वच्छतागृह होतं. पहिल्याच महिन्यात ते मालकांच्या दालनात जाऊन बसले आणि दरवाढ मागून बाहेर आले. मला म्हणाले, ‘तुम्हा लोकांना ते घर आवडायचं. मला ते कधी पुरतं पाहायला मिळालंच नाही.’ आम्ही सगळे गेल्यावरही ते तिथं राहिले. सगळ्यात जास्त टिकले ते तेच.

बाकीचे गेले. आधी अक्का, बसवनगुडीहून रिंग रोडला रोजचे दोन-दोन तास, शिवाय गार हवेत त्यांचे सांधे धरत. मग ओडिआचा मुलगा भुवनेश्वरला परत. मल्याळमच्या दोघी एकाच महिन्यात. कंपनी सोडताना एक फॉर्म भरायचा असे, इंग्रजीत, कारणांपुढे चौकोन: पगार, वरिष्ठ, कौटुंबिक कारण, अधिक चांगली संधी. अक्कांनी ‘कौटुंबिक’वर खूण केली. पुढच्यांनीही बहुधा तेच केलं असणार. जागा मानवली नाही, असा चौकोन त्यात नव्हता, आणि असता तरी मनुष्यबळ विभागातल्या मुलीनं त्याचा तक्ता कसा केला असता?

माझ्या मैत्रिणीचं म्हणणं असं, की मी भिंतींना जरा जास्तच श्रेय देते. तिचा मुद्दा खोटा नाही. एप्रिल 2017मध्ये गूगलनं मराठीसह नऊ भारतीय भाषांचं यंत्रभाषांतर नव्या पद्धतीवर नेलं आणि वर्षभरात आमच्या कामाचं रूपच पालटलं. यंत्रानं केलेलं दुरुस्त करायचं, शब्दाचा दर निम्मा. त्या घरात राहिलो असतो तरी हे आलंच असतं. पण दर सगळीकडेच पडले होते. ज्या आगीत सगळेच भाजतात तिच्यात माणूस कुणासोबत उभा राहतो, हाही प्रश्न असतो. घरात असतो तर निदान जगलीवर बसून यंत्राच्या चुका एकमेकांना वाचून दाखवल्या असत्या. सहाव्या मजल्यावर प्रत्येकानं आपापल्या हेडफोनमध्ये बसून त्या एकट्यानं दुरुस्त केल्या. 2019 साली मीही फॉर्म भरला. खूण ‘अधिक चांगली संधी’वर.

विद्यार्थिदशेत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत कोशाचा विभाग पाहिला होता. डॉ. कत्र्यांनी 1948 साली सुरू केलेला प्रकल्प. सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या शब्दांच्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या, कपाटांच्या कपाटं. प्रकाशित खंड कित्येक दशकं ‘अ’पाशीच. एका टेबलाशी एक बाई चिठ्ठ्यांचा गठ्ठा पत्त्यांसारखा पिसून पुन्हा लावत होत्या. कल्पकता वाढावी म्हणून त्या खोलीत काही केलेलं नव्हतं. तेव्हा मला ती जागा धुळकट आणि थोडी उदास वाटली. आता वाटतं, त्या खोलीत कामाच्या आकाराची जागा होती. चिठ्ठी हातात घ्यायची तर कपाटाशी जावं लागे, कपाटाशी दुसरा कुणी उभा असे. कोटीभर चिठ्ठ्यांनी माणसांना एकत्र धरून ठेवलं होतं, आणि चिठ्ठ्यांना तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि ठरवून केलेली चांगली जागाही असते, हे अहमदाबादला कळलं. बाळकृष्ण दोशींनी 1980च्या सुमारास बांधलेलं स्वतःचं ऑफिस, ‘संगाथ’. सरळ चालत आत शिरताच येत नाही. बागेतून वळत, पायऱ्यांच्या कडेनं, पाण्याच्या पन्हाळीजवळून जावं लागतं. चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेल्या पांढऱ्या कमानी, निम्म्या जमिनीत गेलेल्या. आत उतरलं की ऊन वरून गाळून येतं आणि बाहेरचा रस्ता ऐकू येत नाही. त्या बाहेरच्या पायऱ्यांवर माणसं टेकून बोलत होती. मी अर्धा तास तिथं नुसती बसून राहिले. सभेसाठी बांधलेल्या नव्हेत, पण सभा होऊ शकेल अशा त्या पायऱ्या. अर्थात तिथंही मास्टरगारूंचं काय झालं असतं, हा विचार मनात आलाच. सगळी मजा पायऱ्यांचीच.

त्यानंतरची वर्षं मी जेवणाच्या टेबलावर काम केलं. 2020नंतर तर सगळ्या जगानंच केलं. घरी मोठ्यानं वाचता येतं, त्यामुळे माझी मराठी सुधारली असं मला वाटतं. पण ‘सरि’ म्हणणारं कुणी नाही. व्हॉट्सअॅपवर अक्कांना वाक्य पाठवलं की त्या तपासून पाठवतात, आणि नेमकं तेच मला नको असतं. मला त्यांनी ते चुकून ऐकायला हवं असतं.

म्हणून गेल्या पावसाळ्यापासून आम्ही चौघं एक जागा शोधतोय: अक्का, मास्टरगारू, तो गुजराती मुलगा (आता दोन मुलांचा बाप आहे) आणि मी. आठवड्यातले तीन दिवस, आपापलं काम, भाडं चार जागी. अट एवढीच की तळमजला हवा, निदान दोन खोल्या हव्यात आणि मधे दार हवं. मास्टरगारूंनी आता तीही कंपनी सोडली आहे, पण त्यांनी आधीच बजावलं, की घराची आठवण वगैरे काढून मला जिना असलेलं काही दाखवू नका. एक जागा छान होती, खाली खानावळ, वर खोल्या; अक्का खालूनच परत फिरल्या.

मागच्या आठवड्यात गांधी बाझारच्या मागच्या गल्लीत एक पाहिली. मालक वयस्क तमिळ गृहस्थ. अक्कांनी त्यांच्याशी तमिळमध्ये बोलायचं ठरवलं आणि ‘ऑफिस’ म्हटलं तर व्यापारी दर लावतील म्हणून मुद्दाम जुना शब्द काढला, कच्चेरी. गृहस्थांचा चेहरा एकदम उजळला. मग जरा चिंतेनं त्यांनी विचारलं, रात्री किती वाजेपर्यंत चालेल, मृदंग असेल का, कारण त्यांच्या सौभाग्यवती लवकर झोपतात. अक्का म्हणाल्या, मृदंग नाही, आम्ही फक्त मोठ्यानं वाचतो, संध्याकाळी सहापर्यंत. कशातलं वाचता, त्यांनी विचारलं. बँकेच्या अटी, मास्टरगारू रिक्षातूनच म्हणाले.

दाराशी दोन पायऱ्या आहेत. त्यावर लाकडी उतरण टाकायला मालकांची हरकत नाही. डिपॉझिट मात्र दहा महिन्यांचं मागतायत, ते सहावर आणायचं अक्कांच्या हातात आहे.